रेघ कुठल्या कडेपासून मोजायची? अमेरिकन फुटबॉलचं मैदान आखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाच्या हायस्कूलचं फुटबॉलचं मैदान हंगामाआधी आखून द्यायचं काम यंदा तुम्ही चार पालकांनी अंगावर घेतलंय. टीव्हीवरचं मैदान बघून तुम्ही कागदावर आराखडा काढला, पण मधल्या आखूड खुणा चुकीच्या जागी आहेत असं सांगून प्रशिक्षकांनी तो परत केला. मग इंटरनेटवर शोधलंत, तर तीन नकाशे मिळाले आणि तिन्हींत त्या खुणा तीन निरनिराळ्या जागी. यातला खरा कोणता, आणि सुरुवात कुठून करायची?

तिन्ही खरे आहेत. एक व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, दुसरा कॉलेजचा आणि तिसरा हायस्कूलचा. तुम्हाला तिसरा हवा. त्या खुणांबद्दल खाली सविस्तर लिहितो, पण त्याआधी दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. मी भारतात असताना जमीन मोजणीची कामं करायचो, आणि इथे ओहायोत गेली एकवीस वर्षं शाळांची मैदानं आखतोय. एवढ्या वर्षांत मी बिघडलेली जी मैदानं पाहिली, त्यातली बहुतेक हॅश मार्कमुळे, म्हणजे त्या आखूड खुणांमुळे, बिघडलेली नव्हती. रेघेला जाडी असते हे विसरल्यामुळे बिघडली होती.

आपण कबड्डीचं मैदान बघत मोठे झालो. तिथे रेषा मैदानाचाच भाग. बाहेरच्या रेषेवर पाय असला तरी गडी आत. अमेरिकन फुटबॉलमध्ये उलटं आहे. बाजूची रेघ (साइडलाइन) आणि टोकाची रेघ (एंड लाइन) या दोन्ही पूर्णपणे मैदानाबाहेरच्या. बुटाची कड पांढऱ्या रंगाला लागली की खेळाडू बाहेर गेला. म्हणून मैदानाची रुंदी १६० फूट म्हणतात तेव्हा ती एका साइडलाइनच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंतची असते. रेघेचा रंग या १६० फुटांच्या बाहेर पडला पाहिजे.

गोल लाइनचा, म्हणजे बॉल जिथवर नेला की गुण मिळतात त्या रेघेचा, नियम याहून वेगळा आहे. ती एंड झोनचा, म्हणजे तिच्यापासून मागे एंड लाइनपर्यंतच्या पट्ट्याचा, भाग आहे. बॉलचं टोक गोल लाइनच्या खेळाकडच्या कडेला नुसतं पोहोचलं तरी टचडाउन होतो, म्हणजे गुण मिळतात, सगळी रेघ ओलांडावी लागत नाही. म्हणजे १०० यार्डांचं अंतर दोन्ही गोल लाइनच्या मैदानाकडच्या कडांमध्ये मोजायचं आणि रेघेची सगळी जाडी मागे, एंड झोनच्या बाजूला सोडायची. बाकीच्या रेघा ४ इंचांच्या असतात, पण एनएफएलमध्ये गोल लाइन ८ इंचांची असते. कितीतरी निकाल तिच्यावर लागतात, ती ठसठशीत दिसायलाच हवी.

माझ्या पहिल्याच हंगामात मी दोन्ही गोल लाइन ८ इंचांच्या केल्या आणि दोन्ही खुंट्यांच्या आतल्या अंगाला भरल्या. शंभर यार्डांतले १६ इंच गेले. सामन्याच्या तासभर आधी पाहुण्या पंचांनी पायाने मैदान मोजताना ते हेरलं. हिरवा रंग आणून जुनी रेघ झाकली, नवी मारली आणि खेळ वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. तेव्हापासून मी खुंटीवर बाण काढतो: रंग कुठल्या अंगाला भरायचा त्याचा बाण. तुम्हीही काढा.

आता मूळ मापं. गोल लाइन ते गोल लाइन १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट. दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, म्हणजे एकूण लांबी ३६० फूट. रुंदी १६० फूट, म्हणजे ५३ पूर्णांक एक तृतीयांश यार्ड. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला वार. गावाकडे कुणाला सांगायचं झालं तर हे सगळं मिळून साधारण ५३ गुंठे होतात, सव्वा एकराहून थोडं जास्त. शाळा, कॉलेज, व्यावसायिक, या तिघांसाठीही एवढं सारखंच.

सुरुवात एका साइडलाइनपासून करा. गोलपोस्ट आधीपासून पक्के रोवलेले असतील तर त्यांच्यावरून मैदानाचा मध्य काढा, नाहीतर पोस्ट एकीकडे आणि मैदान दुसरीकडे होतं. दोन्ही टोकांना पोस्टच्या मध्यापासून ८०-८० फूट मोजलं की साइडलाइनच्या आतल्या कडा मिळतात. तिथे सुतळी ताणा. पुढचा प्रश्न काटकोनाचा. आपल्याकडे गवंडी ३-४-५ ने गुण्या काढतो तसा कोपरा काढता येतो, पण एवढ्या मोठ्या मैदानावर लहान त्रिकोणातली अर्ध्या इंचाची चूक पलीकडे फूटभर होते. कोपरा नाही, कर्ण तपासा. आणि इथे या मैदानाची एक फार सुंदर गोष्ट आहे: लांबी ३०० फूट, रुंदी १६० फूट, तर गोल लाइनच्या एका टोकापासून समोरच्या गोल लाइनच्या विरुद्ध टोकापर्यंतचा कर्ण बरोब्बर ३४० फूट येतो. अपूर्णांक नाही, इंच नाही. ८-१५-१७ चा काटकोन त्रिकोण वीसपट मोठा केला की हेच मैदान. नियम लिहिणाऱ्यांच्या हे मनात होतं असं मला वाटत नाही, पण आखणाऱ्याच्या हाती मात्र ते आयतं आलंय. दोन्ही कर्ण ३४० फूट आले की चौकोन सरळ आहे.

तुमची टेप ३०० फुटांची असेल तर ३४० पर्यंत पुरणार नाही. मग अर्धं मैदान तपासा: गोल लाइन ते ५० यार्डांची रेघ, १५० बाय १६०, कर्ण २१९ फूट पावणेचार इंच. एंड झोनसकट सगळ्याचा कर्ण ३९३ फूट साडेअकरा इंच भरतो, तो शेवटी पडताळ्यासाठी. नैसर्गिक गवताचं मैदान पाणी निचरण्यासाठी मध्यभागी उंच ठेवलेलं असतं, कधीकधी दीड फुटापर्यंत. त्या उंचवट्यावरून टेप टाकली तर रुंदीत जेमतेम एक तृतीयांश इंच वाढतो, तेवढ्यासाठी घाबरू नका. वाऱ्याने फुगलेली कापडी टेप याच्या कितीतरी पट जास्त चुकवते. स्टीलची टेप घ्या आणि वारा पडलेला असताना, सकाळीच मोजा.

यार्डांच्या रेघांसाठी मोजणीतलं जुनं सूत्र वापरा: पूर्णाकडून भागाकडे. टेप गोल लाइनवर धरून एकदाच ताणायची आणि १५, ३०, ४५, ६० फूट अशा खुणा त्याच टेपवरून ३०० पर्यंत करत जायच्या. दर पाच यार्डांना टेप उचलून नव्याने शून्य धरलं तर प्रत्येक वेळी अर्धा इंच चुकला तरी वीस टप्प्यांत १० इंच होतात. हे दोन्ही साइडलाइनवर करा, समोरासमोरच्या खुणांमध्ये सुतळी ताणा आणि रंग भरा. मी या आडव्या रेघांचा मध्य सुतळीवर ठेवतो, दोन्हीकडे दोन-दोन इंच. सगळ्या रेघांना एकच पद्धत ठेवा, म्हणजे अंतरं सारखी राहतात.

या आडव्या रेघा मुळात आल्याच कशा, ते सांगतो. १८८२ पर्यंत एखादा संघ बॉल हातात घेऊन अर्धा खेळ नुसता बसून काढू शकायचा, आणि काढायचाही. नियम समितीतले वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने त्या वर्षी नियम झाला: तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जा, नाहीतर बॉल समोरच्यांना द्या. आता ५ यार्ड झाले की नाही हे पंचाला दिसणार कसं? म्हणून दर ५ यार्डांवर चुन्याची रेघ आली. वरून पाहिलं तर मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसायला लागलं, आपण पापड भाजायला घेतो तशा जाळीसारखं. त्या जाळीला इंग्रजीत ग्रिडायर्न म्हणतात आणि मैदानाला तेच नाव पडलं. पुढे काही वर्षं उभ्या रेघासुद्धा होत्या, कारण बॉल मागे घेणाऱ्या खेळाडूने आधी आडवं ५ यार्ड जाऊन मगच पुढे धावायचं असा नियम आला होता. त्या काळात मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं. नियम गेला तशा उभ्या रेघाही गेल्या. इथे जमिनीवरची प्रत्येक खूण कुठल्या ना कुठल्या वादाचा निकाल आहे, आणि वाद संपला की खूणही पुसली जाते.

रुंदी १६० फुटांवरच का थांबली, यालाही कारण आहे. १९०५ च्या हंगामात खेळाडूंचे मृत्यू झाले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजच्या मंडळींना बोलावून घेतलं, आणि खेळ मोकळा कसा करायचा यावर विचार सुरू झाला. मैदान ४० फुटांनी रुंद करावं अशी सूचना होती. पण हार्वर्डचं काँक्रीटचं स्टेडियम १९०३ मध्ये नुकतंच उभं राहिलं होतं, आणि त्यात तेवढी जागाच नव्हती. रुंदी होती तशी राहिली आणि १९०६ मध्ये पुढे फेकलेला पास मान्य झाला. लांबी मात्र तेव्हा ११० यार्ड होती. १९१२ मध्ये ती १०० यार्डांवर आली, मागे १० यार्डांचे एंड झोन जोडले गेले आणि प्रयत्न चार झाले. कॅनडात अजूनही ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद मैदानावर खेळतात. तुमच्या इंटरनेटच्या नकाशांत एखादा तसा आला तर गोंधळू नका.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो, हॅश मार्क. खेळ साइडलाइनजवळ थांबला तर पुढचा डाव तिथूनच सुरू करायचा नाही, बॉल आत आणून ठेवायचा. किती आत, ते या खुणा सांगतात. पूर्वी अशा खुणा नव्हत्या. बॉल कडेला गेला की तिथूनच खेळावं लागायचं आणि संघ एक प्रयत्न नुसता मध्याकडे सरकण्यात घालवायचे. डिसेंबर १९३२ मध्ये शिकागो बेअर्स आणि पोर्टस्मथ स्पार्टन्स या एनएफएलच्या संघांतला निर्णायक सामना बर्फामुळे शिकागो स्टेडियमच्या छपराखाली खेळवावा लागला. तिथे आधी सर्कस झाली होती, तिचीच माती अंथरलेली. मैदान फक्त ८० यार्डांचं, आणि कडेला लागूनच भिंत. खेळाडू भिंतीवर आपटू नयेत म्हणून बॉल १० यार्ड आत आणायचा असं ठरलं. ती सोय सगळ्यांना इतकी पटली की १९३३ पासून एनएफएलने ती नियमातच घेतली. हॅश मार्कचा जन्म असा एका तात्पुरत्या तोडग्यातून झाला.

त्यानंतर तिघांनी आपापल्या सोयीने त्या खुणा आत सरकवल्या. हायस्कूलमध्ये त्या मैदानाचे तीन सारखे भाग करतात: साइडलाइनपासून ५३ फूट ४ इंच, दोन खुणांच्या मध्ये ५३ फूट ४ इंच, पलीकडे पुन्हा ५३ फूट ४ इंच. कॉलेजमध्येही १९९३ पर्यंत असंच होतं, तेव्हा त्यांनी ते साइडलाइनपासून ६० फूट केलं, म्हणजे मध्ये ४० फूट उरतात. एनएफएलने १९७२ मध्ये त्या ७० फूट ९ इंच आत नेल्या. मध्ये उरतात फक्त १८ फूट ६ इंच, त्यांच्या गोलपोस्टच्या रुंदीएवढेच. तुम्ही टीव्हीवर पाहून काढलेल्या नकाशात खुणा मधोमध गर्दी करून बसल्या असतील त्या यामुळे.

हा फरक दिसायला किरकोळ, पण खेळावर मोठा परिणाम करतो. हायस्कूलमध्ये बॉल खुणेवर ठेवला की एका बाजूला ५३ फूट आणि दुसऱ्या बाजूला १०६ फुटांहून जास्त मोकळी जागा. मुलांचे प्रशिक्षक सगळी रणनीती या रुंद बाजूवर रचतात. तुमच्या प्रशिक्षकांनी आराखडा लगेच परत केला तो याचसाठी. एनएफएलमध्ये बॉल कुठेही ठेवा, दोन्हीकडे जवळपास सारखी जागा असते, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना एक बाजू सोडून देता येत नाही.

हॅश मार्कच्या या दोन ओळी आणि दोन्ही साइडलाइनला लागून आणखी दोन, अशा चार ओळींत दर यार्डाला २ फूट लांब आणि ४ इंच रुंद खूण येते. एकेक हाताने मारू नका. पत्र्याचा किंवा प्लायचा साचा कापा, चार खुणांचा एकत्र, म्हणजे पाच-पाच यार्डांच्या दोन रेघांमधलं काम एका ठेवणीत होतं.

आकडे दर १० यार्डांना येतात: १०, २०, ३०, ४०, ५० आणि पुन्हा उलटे. ६ फूट उंच, ४ फूट रुंद, पाया साइडलाइनकडे, म्हणजे बाजूला उभ्या माणसाला सरळ वाचता आले पाहिजेत. शेजारी छोटा त्रिकोण असतो, तो जवळच्या गोल लाइनकडे टोक करतो. ५० च्या आकड्याजवळ त्रिकोण नसतो, तिथून दोन्ही गोल लाइन सारख्याच लांब. हायस्कूलमध्ये आकड्याचा माथा साइडलाइनपासून ९ यार्डांवर ठेवतात, आणि हे निव्वळ दिसण्यासाठी नाही. पूर्वी एखादा खेळाडू बदली म्हणून बाहेर जातोय असं भासवून साइडलाइनजवळ बेमालूम उभा राहायचा आणि डाव सुरू होताच मोकळा पळत सुटायचा. ती लबाडी बंद करायला नियम केला की प्रत्येक डावापूर्वी क्षणभर तरी सगळ्यांनी ९ यार्डांच्या आत यायला हवं. पंच ते आकड्यांच्या माथ्यावरून बघतात. आकडे काढणार नसाल तर ९ यार्डांवर दर १० यार्डांच्या रेघेवर १२ इंचांची खूण तरी करा. एनएफएलमध्ये आकडे आणखी आत असतात, पाया १२ यार्डांवर, त्यामुळे इथेही टीव्हीवरून माप घेऊ नका.

गोलपोस्ट एंड लाइनवर असतात. आडवी दांडी जमिनीपासून १० फुटांवर. हायस्कूलची दांडी २३ फूट ४ इंच रुंद, कॉलेज आणि एनएफएलची १८ फूट ६ इंच. एनएफएलने १९३३ मध्ये ते पुढे, गोल लाइनवर आणले होते. खेळाडू धावता धावता त्यांना धडकायचे, आणि लांबून मारलेल्या किकचे गुण फार सहज मिळायला लागले. १९७४ मध्ये ते पुन्हा मागे गेले. एंड झोनच्या कोपऱ्यांवर नारिंगी पायलॉन ठेवायचे, ४ इंच चौकोनी, १८ इंच उंच, वजनाला हलके. ते साइडलाइनच्या आतल्या कडेच्या बाहेर बसतात, खेळाच्या जागेत नाही. आणि हायस्कूलमध्ये टचडाउननंतरचा जादा गुणाचा प्रयत्न ३ यार्डांवरून होतो, तिथे मध्यभागी एक छोटी आडवी खूण विसरू नका.

रंगाबद्दल मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे खो-खो, कबड्डीच्या मैदानाला फक्की मारतात, ती सवय इथे आणू नका. चुना ओला झाला की कातडी आणि डोळे भाजतो, आणि या खेळात मुलं तोंडावर पडतात, पुन्हा पुन्हा पडतात. पाण्यात मिसळणारा गवताचा रंग घ्या. तण मारायचं औषध मारून गवत जाळून रेघ करण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. आदल्या दिवशी गवत कापा, सकाळी दव सुकल्यावर रंगवा. आधी साइडलाइन आणि गोल लाइन, मग आडव्या रेघा मधून बाहेर, आणि आकडे सर्वांत शेवटी, नाहीतर ओल्या आकड्यांवरून गाडा ओढावा लागतो.

तुम्ही आराखड्यात एक पिवळी आडवी रेघही काढली होती असं लिहिलंय. ती जमिनीवर नसतेच. १९९८ पासून टीव्हीवर ती संगणकाने दाखवतात, पहिल्या डाउनसाठी, म्हणजे नव्याने चार प्रयत्न मिळवण्यासाठी, कुठवर जायचं ते प्रेक्षकांना कळावं म्हणून. मैदानावर तेच काम १० यार्डांची साखळी करते, दोन काठ्यांमध्ये बांधलेली. साखळीवाले ती ताणून, तिच्या जवळच्या ५ यार्डांच्या रेघेची मागची कड जिथे येते तिथे साखळीला एक चिमटा लावतात. मापायची वेळ आली की साखळी उचलून मैदानात आणतात, चिमटा त्याच रेघेच्या त्याच कडेवर ठेवतात आणि पुढची काठी ताणतात. म्हणजे साइडलाइनजवळची रेघ आणि मध्यातली रेघ एका सरळीत असतील तरच माप खरं येतं. तुमची सुतळी मध्ये दोन इंच वाकली तर तेवढ्यानं एखाद्या मुलाचा डाउन जातो. प्रत्येक रेघ मारण्याआधी सुतळीला मधोमध एक खुंटी देऊन, एका टोकाला गुडघे टेकून एका डोळ्याने ती सरळ आहे का बघा. वीस-बावीस रेघांना मिळून यात अर्धा तासही जात नाही.